आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी : एका समीकरणाची उलटतपासणी

‘आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया होऊन क्षार आणि पाणी तयार होतं.’ शाळेपासून एमएस्सीपर्यंत आपण हे वाक्य इतक्या वेळा लिहितो की त्याला प्रश्न विचारावा असं वाटतच नाही. आज तेच करायचं आहे. समजा, हे वाक्य म्हणजे कुणीतरी छापायला पाठवलेला शोधनिबंध आहे आणि तुम्ही त्याचे परीक्षक आहात. परीक्षक काय बघतो? दावा काय आहे, पुरावा काय आहे, आणि दावा कुठपर्यंत लागू पडतो. पीएचडीची तयारी करणाऱ्यांनी ही सवय आत्तापासून लावून घ्यावी, आणि त्यासाठी ओळखीचं वाक्य सगळ्यात चांगलं. अनोळखी विषयात आपण आधीच सावध असतो. ओळखीच्या विषयात गाफील असतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे वाक्य खोटं नाही. पण ते कृती सांगतं आणि निष्कर्ष सांगितल्याचा आव आणतं. ‘आम्ल घेतलं, आम्लारी घेतली’ ही झाली कृती. ‘क्षार तयार झाला’ हा झाला निष्कर्ष. या दोघांच्या मध्ये एक मोजमाप लागतं, आणि समीकरणातल्या बाणाने ते गिळून टाकलंय.

वाक्यात खरं तर तीन दावे दडलेत. एकेक घेऊ.

दावा पहिला : द्रावणात क्षार तयार होतो

हायड्रोक्लोरिक आम्लाचं विरल द्रावण घ्या, त्यात तेवढंच सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण ओता. पुस्तक म्हणतं, मीठ तयार झालं. पण चंचुपात्रात नेमकं काय बदललं? सोडियमचे आयन आधीही पाण्यात सुटे फिरत होते, नंतरही फिरतायत. क्लोराईडचंही तेच. बदल झाला तो फक्त हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांच्यात. ते एकत्र येऊन पाणी झालं. मीठ ‘तयार’ होतं ते तुम्ही पाणी आटवाल तेव्हा.

‘हे तर अकरावीतच शिकलो, बघे आयन वगैरे,’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण हे आपल्याला *कळलं* कशावरून, हा संशोधकाचा प्रश्न आहे. आयन काही डोळ्यांना दिसत नाहीत.

पुरावा आला उष्णतेतून. एकोणिसाव्या शतकात हेस, युलियस थॉमसेन यांच्यासारख्यांनी उदासिनीकरणाची उष्णता काळजीपूर्वक मोजली. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांची कुठलीही जोडी घ्या: हायड्रोक्लोरिक आम्ल व सोडियम हायड्रॉक्साइड किंवा नायट्रिक आम्ल व पोटॅशियम हायड्रॉक्साइड. विरल द्रावणात दर मोल पाण्यामागे उष्णता जवळपास सारखीच, सुमारे ५६ ते ५७ किलोज्यूल. आता विचार करा. प्रत्येक वेळी वेगळा क्षार ‘तयार’ होत असेल, तर उष्णता वेगवेगळी यायला हवी. ती सारखी येते, म्हणजे प्रत्येक वेळी घडणारी गोष्ट एकच आहे. स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८४ साली उप्सालाच्या विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधातून आयनांच्या सिद्धांताची सुरुवात झाली, आणि त्या सिद्धांताने या सारखेपणाचा सरळ उलगडा केला. प्रबंधाला तेव्हा फारशी चांगली श्रेणी मिळाली नव्हती. १९०३ साली त्याच कामाला नोबेल मिळालं.

इथे एक जोडप्रश्न विचारून बघा. एका पात्रात सोडियम क्लोराईड आणि पोटॅशियम नायट्रेट एकेक मोल विरघळवा. दुसऱ्यात सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराईड एकेक मोल, पाणी तेवढंच. दोन्ही पात्रांत फरक काय? काहीच नाही. चारही आयन तेच, तेवढेच. मग ‘या द्रावणात कोणता क्षार आहे?’ या प्रश्नालाच अर्थ उरत नाही.

अर्थ येतो तो घनरूप बाहेर पडताना, आणि तिथे ठरवते विद्राव्यता. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, असाच बनवत. चिलीहून आलेलं सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराईड गरम पाण्यात एकत्र करायचं. मिठाची विद्राव्यता तापमानाने फारशी बदलत नाही: १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना सुमारे ३६ ग्रॅम, १०० अंशांना सुमारे ३९. सोऱ्याची मात्र सुमारे ३२ वरून २४० च्या वर जाते. म्हणून गरम, घट्ट द्रावणातून आधी मीठ खाली बसतं, ते गाळून काढलं आणि उरलेलं थंड केलं की सोऱ्याचे स्फटिक येतात. थोडक्यात, कुठला क्षार हाती येणार हे तुम्ही पात्रात काय टाकलं यावर ठरत नाही. पात्रातून काय आधी बाहेर पडतं, यावर ठरतं.

याच भागातला एक छोटा उपदावा पुस्तकांत हमखास भेटतो: ‘आम्ल सौम्य असेल तर उदासिनीकरणाची उष्णता कमी.’ कारण असं देतात, की सौम्य आम्लाचं विचरण घडवायला थोडी ऊर्जा खर्च होते. हायड्रोसायनिक आम्लाला हे छान लागू पडतं. तिथे उष्णता जेमतेम १२ किलोज्यूलच्या आसपास येते. पण हायड्रोफ्लुओरिक आम्लही सौम्यच आहे, आणि त्याची उष्णता येते सुमारे ६८ किलोज्यूल, तीव्र आम्लांपेक्षा जास्त! कारण फ्लुओराईड आयन लहान आहे, पाण्याचे रेणू त्याला घट्ट धरतात, आणि त्यात सुटणारी ऊर्जा विचरणाचा खर्च भागवून वर उरते. नियम दोन उदाहरणांवर उभा केला की तिसरं उदाहरण त्याला पाडतं. नेट-सेटच्या प्रश्नांत ‘नेहमी’ हा शब्द दिसला की हायड्रोफ्लुओरिक आम्ल आठवा.

दावा दुसरा : सोबत पाणी तयार होतं

तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. भांडं तापवायचं, त्यावर नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघतो, कापसाने पुसत कथील फिरवायचं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. तापलं की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराईड भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढतो, म्हणून कथील नीट धरतं. उरलेले दोन्ही वायू थोडं वर जाऊन थंड झाले की पुन्हा एकत्र येतात, आणि तो पांढरा धूर म्हणजे नवसागराचेच बारीक कण.

म्हणजे आम्ल + आम्लारी → क्षार. झालं. पाणी कुठे आहे? पाण्याचा थेंबही या समीकरणात नाही. अऱ्हेनियसच्या व्याख्येत आम्लारीला हायड्रॉक्साइड लागतं, म्हणून तिथे पाणी येतं. १९२३ साली ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, व्याख्या बदलली: आम्ल प्रोटॉन देतं, आम्लारी प्रोटॉन घेते. पाणी हा मग एक खास प्रसंग झाला, नियम नव्हे.

पण ब्रॉन्स्टेडचं वाक्यही सगळीकडे पुरत नाही. लोखंडाच्या झोतभट्टीत चुनखडीपासून आलेला कॅल्शियम ऑक्साइड वाळूतल्या सिलिकाशी संयोग पावतो आणि कॅल्शियम सिलिकेटची मळी बनते. आम्लधर्मी ऑक्साइड, आम्लारीधर्मी ऑक्साइड, क्षार: सगळं आहे. पाणी नाही आणि प्रोटॉनही नाही. तिथे लुईसची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जोडीची भाषा लागते. तीही १९२३ चीच.

आता नवसागराच्या उदाहरणातली खरी गंमत. अमोनियाचा *एकच* रेणू आणि हायड्रोजन क्लोराईडचा *एकच* रेणू एकमेकांजवळ आणले तर काय होईल? सवयीने आपण म्हणू, प्रोटॉन उडी मारेल, अमोनियम आणि क्लोराईड अशी आयनांची जोडी बनेल. १९८० च्या दशकात अँथनी लेगॉन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मलहरी वर्णपटाने हीच एकटी जोडी वायुरूपात तपासली. प्रोटॉन क्लोरीनकडेच राहिला होता! दोन रेणू फक्त हायड्रोजन बंधाने एकमेकांना धरून होते. आम्ल तेच, आम्लारी तीच, पण क्षार नाही. क्षार बनायला शेजार लागतो: घनरूपात आजूबाजूचे विरुद्ध प्रभाराचे असंख्य आयन किंवा द्रावणात पाण्याचे रेणू. ते प्रभारांना सावरून धरतात म्हणून प्रोटॉनला पलीकडे जाणं परवडतं.

हे मला या सगळ्या चर्चेतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ‘क्षार’ हा दोन पदार्थांच्या जोडीचा गुण नाही. तो जोडी *आणि तिची परिस्थिती* यांचा मिळून गुण आहे.

दावा तिसरा : हे उदासिनीकरण आहे

या अभिक्रियेच्या नावातच निकाल देऊन ठेवलाय. पण सोडियम ॲसिटेटचं ०.१ मोलार द्रावण घेतलं तर सामू, म्हणजेच पीएच, सुमारे ८.९ येतो. अमोनियम क्लोराईडचा सुमारे ५.१. सोडियम कार्बोनेटचा तर ११.६ च्या आसपास. हे तिन्ही क्षारच आहेत, आणि तिन्ही उदासीन नाहीत. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना पुरेपूर पडले, ही झाली समतुल्यता. सामू ७ आला, ही झाली उदासीनता. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲसिटिक आम्लाच्या टायट्रेशनला फिनॉल्फ्थॅलीन का चालतो आणि मिथिल ऑरेंज का चालत नाही, याचं उत्तर याच फरकात आहे: पहिल्याचा रंग ८ ते १० च्या पट्ट्यात बदलतो, दुसऱ्याचा ३ ते ४.५ च्या.

ही गल्लत फक्त प्रयोगवहीतच राहते असंही नाही. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या बागायती पट्ट्यात, जिथे जास्त पाणी आणि कमी निचरा, तिथे जमिनी खराब झाल्यात. बोलताना आपण सरसकट ‘क्षारपड’ म्हणतो. पण खारवट जमीन वेगळी आणि चोपण जमीन वेगळी. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त, सामू साधारण ८.५ च्या आत. तिला निचरा आणि गोडं पाणी लागतं. चोपण जमिनीत मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम जास्त, देवाणघेवाण होणाऱ्या एकूण धन आयनांच्या १५ टक्क्यांहून अधिक, आणि सामू ८.५ च्या वर.

सामू वर आहे, मग आम्ल घालून उदासीन करूया? समीकरण तेच सुचवतं. पण चोपण जमिनीला आधी देतात जिप्सम, आणि जिप्सम काही आम्ल नाही. तो स्वतः एक क्षार आहे, जवळपास उदासीन. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेतं, सुटलेलं सोडियम सल्फेट निचऱ्याच्या पाण्यातून जातं. चुनखडीच्या जमिनीत गंधक वापरतात, त्याचं जिवाणूंमुळे आम्ल होतं हे खरं. पण तिथेही त्या आम्लाचं मोठं काम म्हणजे चुनखडी विरघळवून कॅल्शियम मोकळं करणं. रोगाचं मूळ सोडियममध्ये आहे आणि सामू हे लक्षण आहे. ‘उदासिनीकरण’ हा शब्द डोक्यात घट्ट बसला की आपण लक्षणावर औषध देतो.

मग संशोधनात हा प्रश्न कुठे येतो?

घनरूपात येतो, आणि तिथे तो महाग पडतो. समजा, तुमच्याकडे आम्लारीधर्मी औषधाचा रेणू आहे. विद्राव्यता वाढवायला तुम्ही तो एका कार्बोक्झिलिक आम्लासोबत स्फटिकरूपात आणला. नवे स्फटिक मिळाले. हा क्षार आहे की को-क्रिस्टल? प्रोटॉन आम्लाकडून आम्लारीकडे गेला असेल तर क्षार. जागेवरच राहिला असेल आणि दोन उदासीन रेणू हायड्रोजन बंधाने जोडलेले असतील तर को-क्रिस्टल. फरक आहे एका प्रोटॉनच्या काही दशांश अँगस्ट्रॉम सरकण्याचा. पण अमेरिकेच्या एफडीएच्या चौकटीत वेगळा क्षार म्हणजे औषध ‘तेच’ धरलं जात नाही, आणि को-क्रिस्टल मात्र, २०१८ च्या सुधारित मार्गदर्शनानुसार, त्याच औषधाच्या नव्या पॉलिमॉर्फसारखा धरला जातो.

इथे सगळे जण एका अंगठेनियमाचा आधार घेतात. आम्लारीच्या संयुग्मी आम्लाचा पीकेए वजा आम्लाचा पीकेए, हा फरक मोठा असेल तर क्षार. केवढा मोठा? एफडीएच्या त्याच मार्गदर्शनात १ किंवा त्याहून जास्त असा आकडा आहे. ऑरोरा क्रूझ-काबेझा यांनी २०१२ साली केंब्रिजच्या स्फटिकरचनांच्या संग्रहातली ६४६५ आम्ल-आम्लारी संकुलं तपासली. फरक ४ च्या वर असेल तर जवळपास सगळी आयनरूपात, उणे १ च्या खाली असेल तर जवळपास सगळी उदासीन. मधल्या पट्ट्यात फरक एकाने वाढला की प्रोटॉन सरकण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी वाढते.

आता परीक्षकाच्या नजरेने बघा. मधल्या पट्ट्यात हा नियम *शक्यता* सांगतो. तुमच्या स्फटिकाबद्दल तो निकाल देत नाही. शिवाय पीकेए हे आकडे मोजलेले असतात पाण्यात, आणि तुमच्या स्फटिकात पाणी नाही. २००७ साली चाइल्ड्स, स्टाहली आणि पार्क यांनी थिओफिलिनच्या संकुलांवरून हेच दाखवलं: फरक ० ते ३ च्या दरम्यान असेल तर प्रोटॉन कुठे बसणार हे स्फटिकातला शेजार ठरवतो, आणि क्षार व को-क्रिस्टल यांच्यात रेघ नसून उतार आहे.

उताराचं एक उदाहरण आपल्या द्राक्षबागांपर्यंत आलेलं आहे. ठिबकमधून देतात ते १७-४४-०, युरिया फॉस्फेट. नाव ऐकून वाटतं, हा फॉस्फोरिक आम्लाचा सरळ क्षार. पण न्यूट्रॉन विवर्तनाने पाहिलं तर प्रोटॉन फॉस्फोरिक आम्लाच्या आणि युरियाच्या ऑक्सिजनांच्या मध्ये वाटून घेतलेला आहे. साधारण १५० ते ३३५ केल्विन तापमान वाढवत नेलं तर तो हळूहळू सरकतो आणि वरच्या टोकाला जवळपास मधोमध येतो. क्षार की को-क्रिस्टल? पिशवीवरच्या नावाने निकाल दिलाय. प्रोटॉनने दिलेला नाही.

म्हणून प्रबंधात ‘क्षार तयार झाला’ असं लिहायचं असेल तर पुरावा द्या. कार्बोक्झिलिक आम्ल असेल तर दोन कार्बन-ऑक्सिजन बंधांची लांबी बघा: आम्लात एक सुमारे १.२१ आणि दुसरा १.३१ अँगस्ट्रॉम, प्रोटॉन गेला असेल तर दोन्ही १.२५ च्या आसपास. क्ष-किरण विवर्तनात हायड्रोजनची जागा नीट कळत नाही, त्यामुळे नुसत्या त्या हायड्रोजनवर भिस्त ठेवू नका. अवरक्त वर्णपटात १७०० च्या आसपासची पट्टी गेली का? नायट्रोजन-१५ चं घनरूप एनएमआर करता येईल का? एका पुराव्यापेक्षा दोन वेगळ्या जातीचे पुरावे केव्हाही बरे.

शब्दाबद्दल थोडंसं

मराठीत वाचून संशोधनाकडे येणाऱ्यांना आणखी एक खड्डा लागतो. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत क्षार म्हणजे मिठासारखं संयुग. आम्लारी आणि अल्क वेगळे. हिंदी पाठ्यपुस्तकांत मात्र क्षार म्हणजे अल्क, आणि आपल्या क्षाराला तिथे लवण म्हणतात. सुश्रुतसंहितेत क्षार बनवायची कृती आहे, तीही वनस्पतींच्या राखेपासून काढलेल्या दाहक अल्काची. म्हणजे जुना अर्थ हिंदीने धरला, आपण बदलला. यात कुणी चूक नाही, पण हिंदी व्हिडिओ आणि मराठी पुस्तक आलटून-पालटून वापरत असाल तर वहीच्या पहिल्या पानावर हा तक्ता करून ठेवा.

परीक्षकाचा निकाल

नाकारायचं का हे समीकरण? नाही. तीव्र आम्ल, तीव्र आम्लारी, विरल जलीय द्रावण, आणि शेवटी पाणी आटवणं, एवढ्या चौकटीत ते चोख काम करतं. टायट्रेशनची आकडेमोड त्यावरच चालते. माझी हरकत एवढीच की चौकट कुठे लिहिलेलीच नाही. शाळेत ती न लिहिणं समजू शकतं. एमएस्सीच्या प्रयोगवहीतही ती नसावी, हे खटकतं.

दुरुस्ती सुचवायची तर मी असं लिहीन: आम्लाकडून आम्लारीकडे प्रोटॉन जाऊ शकतो, तो किती जातो हे दोघांच्या ताकदीवर आणि शेजारावर ठरतं, आणि तो गेल्याचं मोजून दाखवलं की मगच क्षार म्हणायचं. वाक्य लांबलं, पाठ करायला अवघड झालं, मान्य. पण पुढच्या वेळी एखाद्या शोधनिबंधात ‘क्षार मिळाला’ असं वाचलंत तर तीन गोष्टी शोधा: कोणत्या अवस्थेत, कशावरून कळलं, आणि पीकेएचा फरक मधल्या पट्ट्यात असेल तर दुसरा पुरावा आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही तर पुरवणी माहितीची फाइल उघडून बघा. तिथेही नसेल, तर तुमच्या सेमिनारमध्ये विचारायला एक चांगला प्रश्न मिळाला.